टिकलीचं गिऱ्हाईक

शनिवार, ३ ऑगस्ट २०२४
हॅमिल्टन

आज आमच्या गाडीला घराबाहेर काढण्यात आलं. इतकी वर्षं ती गॅरेजमध्ये सुखाने झोपत होती. आता ड्राइव्हवेवर दवात भिजत उभी आहे आणि आत माझ्या बायकोने सहा फुटी कापड अंथरलं आहे. भिंती रंगवताना जमिनीवर डाग पडू नयेत म्हणून रंगारी टाकतात ना, ते जाडं कापड. मी म्हटलं, "विभा, तयार कॅनव्हास मिळतो की!" तर म्हणाली, "त्यावर चुकायची भीती वाटते. यावर नाही वाटत."

गावाबाहेरच्या 'ते रापा' भागातल्या डेअरी फॅक्टरीत दुधाची पावडर करणारे ड्रायर सांभाळून मी गेल्या महिन्यात रिटायर झालो. आमची लेक ऋचा ऑकलंडला आयटीत असते. तिने ही डायरी हातात ठेवली आणि म्हणाली, "बाबा, तुला दिवसभर जे बोलायचं असतं ना, त्यातलं निम्मं यात लिही. आईला जरा ब्रेक मिळेल." चेष्टेखोर आहे पोरगी. मी काही फार बोलणारा माणूस नाही. फॅक्टरीत माझा चारूचा चार्ली झाला होता; सगळे म्हणायचे, चार्ली इज द क्वाएट वन. आता ड्रायरशेजारी कोणाचं कोणाला ऐकू येणार म्हणा.

विभा आठवड्यातले तीन दिवस एका शाळेत लॅब असिस्टंट आहे. रांगोळीसुद्धा ठिपके मोजून काढणारी बाई. तिला या वयात एकदम रंग उधळायची हुक्की कुठून आली, कळत नाही. पण मी ठरवलं आहे की तिला पूर्ण सपोर्ट द्यायचा. तिला मॅनेजर लागणार, आणि मी रिकामाच आहे.

गुरुवार, ८ ऑगस्ट

विभाच्या क्लासला आज मीही गेलो. हेलन नावाची बाई शिकवते. सत्तरीची असेल, पांढरे केस, आणि ऐन हिवाळ्यात पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपर्स. आज तिने ब्रश हातात न देता पडद्यावर चित्रं दाखवली. ॲबस्ट्रॅक्ट एक्स्प्रेशनिझम. दुसरं महायुद्ध संपल्यावर न्यूयॉर्कच्या काही चित्रकारांना वाटलं, एवढं सगळं बघून झाल्यावर आता फळं आणि फुलदाण्या कुठल्या तोंडाने काढायच्या? मग त्यांनी नुसता रंगच काढला. भिंतीएवढा. कुणी ओतला, कुणी फेकला.

मला आवडली ती पुढची गोष्ट. अमेरिकेतले पुढारी म्हणत होते की ही चित्रं म्हणजे कम्युनिस्टांचा चावटपणा आहे. आणि त्याच वेळी त्यांच्याच हेरखात्याचा पैसा गुपचूप अशा प्रदर्शनांच्या मागे होता म्हणे. कशासाठी, तर रशियाला दाखवायला. बघा, तुमच्याकडे ट्रॅक्टरच काढावा लागतो, आमच्याकडे माणूस वाट्टेल ते काढतो! मी इतक्या मोठ्याने हसलो की पुढच्या बायका वळून बघायला लागल्या.

विभाने विचारलं, "आणि बायकांची चित्रं?" हेलन म्हणाली, बायका होत्याच, चांगल्या होत्या. पण नवऱ्याला स्टुडिओ म्हणून अख्खं कोठार मिळायचं आणि बायकोला वरची झोपायची खोली. पार्टीत लोक त्यांना विचारायचे, तुम्हीपण पेंट करता वाटतं?

मग हेलनने एका चित्राकडे बोट दाखवून विभाला विचारलं, तुला काय वाटतं? विभाला बोलायला जरा वेळ लागतो, मला सवय आहे. म्हणून मी सांगून टाकलं, "शी लाइक्स द कलर्स. हीप्स." म्हणजे भरपूर. हेलन माझ्याकडे बघून हसली आणि पुढच्या चित्राकडे गेली. येताना गाडीत विभा गप्प होती. दिवसभर शाळेत उभी असते, दमली असेल.

रविवार, १८ ऑगस्ट

शिरीष आणि सुरेखा जेवायला आले होते. शिरीष आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. गॅरेजमध्ये डोकावून म्हणाला, "वहिनी, हे काय आहे?"

विभा काहीतरी बोलणार होती, पण मला आयतंच सुचलं. म्हटलं, "सूर्यास्त."

"मग सूर्य कुठाय?"

"बुडला!"

सगळे हसले. जोक चांगलाच जमला. शिरीष म्हणाला, "वहिनी, त्यापेक्षा गणपतीला स्टेजचा बॅकड्रॉप करा ना. मोर वगैरे. लोकांना कळेल असं." विभाने विचारलं, "पोळी वाढू?"

मंगळवार, २७ ऑगस्ट

आनंदाची बातमी! हेलनच्या गॅलरीत पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे आणि तिला विभाचं ते मोठं चित्र हवंय. विषय आहे 'आपण कुठून आलो'. इराणची एक बाई आहे, सामोआचा एक जण, दोन फिलिपिनो, आणि विभा. प्रत्येकाने चित्राशेजारी लावायला आपल्या प्रवासाबद्दल शंभरेक शब्द लिहून द्यायचे.

विभा म्हणाली, "मी नाही लिहिणार." मग मॅनेजर कशाला असतो? दुपारभर बसून मी झकास मजकूर तयार केला. हा तांबडा म्हणजे कोकणची माती. करडा म्हणजे मायदेश आणि परदेश यांच्यामधलं धुकं. काळा फटकारा म्हणजे अंगण सारवणाऱ्या आईच्या हाताची आठवण. विभाची आई जन्मभर अंबरनाथला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये मोझॅकच्या लाद्यांवर राहिली, तिने सारवलं कुठून असणार! आणि तांबडा म्हणजे शेजारच्यांच्या शेडच्या छताच्या रंगाचा उरलेला डबा आहे. पण गोऱ्यांना काय कळतंय. हेलनला मेल करून टाकला.

बुधवार, २८ ऑगस्ट

हेलनने तो मजकूर विभाला वाचायला पाठवला. घरात वादळ झालं असतं तर बरं, पण विभा ओरडत नाही.

ती म्हणाली, "चारू, हे कोणाबद्दल आहे?"

"तुझ्याबद्दल."

"मी कोकणात किती वेळा गेलेय?"

"गणपतीपुळ्याला आपण..."

"हनिमूनला. तुला ऊन लागलं म्हणून दुसऱ्या दिवशी परत आलो."

मग ती खुर्ची ओढून समोर बसली. एवढं सलग बोलताना मी तिला फार वेळा ऐकलेलं नाही, म्हणून आठवतं तसं लिहून ठेवतो. "इथे आल्यापासून मला रोज कुणीतरी विचारतं, व्हेअर आर यू फ्रॉम? शाळेत विचारतात. कोपऱ्यावरच्या दुकानात ब्रेड आणायला गेलं की विचारतात. डेंटिस्टने तर तोंडात ड्रिल घालून विचारलं. प्रेमाने विचारतात रे, राग नाही माझा. आणि आपली माणसं विचारतात, हे काय आहे? मला फक्त सहा फुटांची एक जागा अशी पाहिजे होती, की जिथे हे दोन्ही प्रश्न नाहीत. तिथेही तू माझ्या आधी पोचलास आणि उत्तरं लिहून ठेवलीस."

मी म्हटलं, मी मदत करत होतो. ती म्हणाली, "माहितेय."

तिने हेलनला स्पीकरवर फोन लावून सांगितलं, नुसतं नाव लावा, नाहीतर चित्र परत द्या. हेलन म्हणाली, ग्रँट देणाऱ्यांना वाचायला काहीतरी लागतं गं. मग म्हणाली, न्यूयॉर्कच्या त्या बायकांना कुणी काही विचारलं नाही आणि तुला सगळेच विचारतायत, याला प्रोग्रेस म्हणायचं का? दोघी हसल्या. पाटीवर नाव आणि 'शीर्षक नाही', एवढंच लागणार.

फोन ठेवून विभा मला म्हणाली, "एका जरी परक्या माणसाने मी कुठली, कोण, ते न विचारता नुसतं बघितलं ना, तर मी पुढचं काढेन. नाहीतर हे एकच. हौस फिटली म्हणायचं."

तिने ते सहज म्हटलं. पण तिचा हात फोनवरून निघत नव्हता. मला फार वाईट वाटलं.

गुरुवार, १९ सप्टेंबर

चित्र चौकटीवर ताणून टांगलं. भिंतीवर ते एकदम वेगळंच दिसतं. गॅरेजमध्ये पसरलेलं कापड होतं, इथे उभं राहून आपल्याकडे बघायला लागलं.

इतरांच्या पाट्या मजकुराने भरून वाहतायत. आमच्या पाटीवर वर दोन ओळी आणि खाली सगळं मोकळं. मला ते मोकळ्या कपाळासारखं दिसायला लागलं. त्यात पितृपक्ष सुरू झालाय. मी असलं काही मानत नाही. पण मुद्दाम पितृपक्षात उद्घाटन करायचं म्हणजे जरा अतीच. हेलनला काय सांगणार? शिवाय शिरीषने सगळ्या मंडळाला बोलावलंय, तेव्हा दृष्ट लागायचीही सोय झालेली आहे.

म्हणून मी आज सकाळी बाथरूमच्या आरशावरची विभाची एक लाल टिकली पाकिटात घालून नेली होती. लग्नाकार्याला लावते ती मोठी, गोल. विभा हेलनशी बोलत असताना पाटीवरच्या मोकळ्या जागेत, नावाखाली, बरोब्बर मधोमध लावून टाकली. तेवढाच शकुन झाला. विभाला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर काढायला लावली असती.

शुक्रवार, २० सप्टेंबर

आजचं आजच लिहून ठेवतो.

लोक बरेच आले होते. मी चीजच्या टेबलापाशी होतो. एक बाई येऊन म्हणाली, अभिनंदन, तुमच्या मिसेसचं पेंटिंग उद्घाटनाआधीच गेलं! मी म्हटलं, कुठे गेलं? ती म्हणाली, सोल्ड! रेड डॉट लागलाय ना.

मी वळून बघितलं. इराणच्या बाईंच्या एका चित्राखाली लाल गोल स्टिकर. त्या सामोअन मुलाच्या चित्राखाली लाल गोल स्टिकर. आणि आमच्या पाटीवर टिकली. गॅलरीत लाल ठिपका म्हणजे चित्र विकलं गेलं. हे मला या वयात, हातात चीजचा तुकडा धरून कळलं. तो तसाच परत ताटलीत ठेवला.

हेलनला वाटलं डेस्कवरच्या केटीने विकलं. केटीला वाटलं हेलनने. दोघींनी एकमेकींना लांबून अंगठा दाखवला. आणि हेलन उद्या आईच्या आजारपणासाठी वेलिंग्टनला जातेय, ती थेट शेवटच्या दिवशी येणार.

शिरीष बराच वेळ चित्रासमोर उभा होता. शेवटी म्हणाला, "गेलं म्हणजे काहीतरी असणारच." आणि फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. आज एकानेही विभाला 'हे काय आहे' असं विचारलं नाही. ठिपका बघायचे आणि मान डोलवायचे. विभा भिंतीपाशी ताठ उभी होती. लग्नातही मी तिला इतकी सुंदर बघितलेली नाही. तेव्हा तिला ताप होता.

शेवटी ती स्वतः पाटीपाशी गेली. चष्मा वर करून अगदी जवळून ठिपका बघितला. मग माझ्याकडे बघितलं. परत ठिपक्याकडे. म्हणाली, "किती नीट मधोमध लावलाय."

मी म्हटलं, "हेलनचं काम नीटनेटकं असतं."

ती म्हणाली, "हो ना."

रविवार, २२ सप्टेंबर

सांगायला हवं. सांगवत नाही. तिला एक परका माणूस पाहिजे होता, आणि मी तिला टिकलीतून तो बनवून दिला. कुणाला न सांगता मीच विकत घ्यावं का? पण मग चित्र घरी आणायचं कसं आणि ठेवायचं कुठे?

आज जेवताना तिने विचारलं, "चारू, ज्याने घेतलं ना, त्याला काय दिसलं असेल रे त्यात?"

मी म्हटलं, "त्याच्या सोफ्याला मॅच होत असेल."

ती हसली. पण लगेच उठून ताट उचललं. माझं मलाच खाल्लेलं गोड लागेना.

बुधवार, २५ सप्टेंबर

रोज विचारते. त्याला काय दिसलं असेल? कल्पना कर ना. काल मी म्हटलं, रंगसंगती आवडली असेल. तर म्हणाली, कुठली? मला कुठले रंग कुठे आहेत तेच धड आठवेना. म्हणून आज गॅलरीत जाऊन आलो. समोर एक बाक आहे, तिथे बसलो. मोबाइल गाडीत राहिला होता, त्यामुळे चित्र बघण्यावाचून इलाज नव्हता.

रात्रीच्या जेवणाला मी तयार होतो. म्हटलं, "त्याला कळलं असेल की तो करडा एक नाहीये. खाली पांढरा आहे, मग त्यावर करडा, मग परत पांढरा पुसून घेतलाय. कुणीतरी परत परत तीच जागा साफ केल्यासारखी."

विभा म्हणाली, "अजून थोडा भात घे."

सोमवार, ३० सप्टेंबर

काल इथल्या उन्हाळी वेळेप्रमाणे घड्याळं तासभर पुढे सरकली, संध्याकाळ लांबली. चार वाजता बाकावर गेलो तर तिथे आधीच एक म्हातारेसे माओरी गृहस्थ बसले होते. केस ओले, शेजारी टॉग्ज म्हणजे पोहायचे कपडे आणि टॉवेलची पिशवी. पलीकडच्या स्विमिंग पूलमध्ये पोहून आलेले असणार. किया ओरा म्हणाले, मीही म्हटलं. मग दोघंही गप्प. एरवी मी अनोळखी माणसाशी हवापाण्याचं तरी बोलतो, आज का कोण जाणे, बोलावंसं वाटलं नाही.

मला तो तांबडा नेहमी पट्टा वाटायचा. आज दिसलं की तो कडेला सरकलाय. सगळी खोली दुसऱ्याला देऊन भिंतीला टेकून उभा राहिल्यासारखा. घरी येऊन विभाला हेच सांगितलं, त्या गिऱ्हाइकाच्या नावाने. तिने गॅस बारीक केला आणि म्हणाली, "असं म्हणाला तो?"

"म्हणाला असेल."

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

आज त्या काळ्या फटकाऱ्याकडे बघत बसलो होतो. डावीकडून जाड निघतो, जोरात. तांबड्यापर्यंत पोचणार असं वाटतं, आणि आधीच थांबतो. आधी मला वाटायचं, ब्रशवरचा रंग संपला. आज उठून जवळून बघितलं. रंग संपला असता तर टोकाला फिका झाला असता, केसांच्या रेघा दिसल्या असत्या. तसं नाहीये. टोकालाही तो तेवढाच काळा आहे. रंग होता. हात उचललेला आहे.

घरी आलो. विभा पोळ्या लाटत होती. मी पाणीही न पिता म्हटलं, "त्याला काय दिसलं ते कळलं मला. तो काळा आहे ना, तो बोलायला निघालाय. त्याच्याकडे सांगायला भरपूर आहे. आणि अगदी मुद्द्याशी आला, तेवढ्यात दुसरंच कुणीतरी बोलायला लागलं. म्हणून तो थांबला. संपला नाही, नुसता थांबला."

विभाचं लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी करपायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. शेवटी मीच गॅस बंद केला. ती म्हणाली, "त्या माणसाला माझा नमस्कार सांग."

मी कसा सांगणार? मला तो माहीत नाही, असं म्हणालो. ती डोळे पुसत हसायला लागली. करपलेल्या पोळीचा धूर डोळ्यांत गेला होता.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

आज केटीने मला डेस्कपाशी थांबवलं. म्हणाली, "तुमच्याबरोबर बाकावर बसतात ना, वायरेमू, ते परत विचारत होते. विकत घेणाऱ्याने नाही म्हटलं तर मला फोन करा म्हणाले. चौथ्यांदा विचारलं त्यांनी. पुअर थिंग."

मी विचारलं, चित्रकाराबद्दल काही विचारलं का? कुठली आहे वगैरे? केटी म्हणाली, नाही, काहीच नाही. फक्त विचारतात, इट्स स्टिल गॉन, इज इट?

म्हणजे तो खरा माणूस तिथेच बसलेला होता. माझ्या शेजारी, ओल्या केसांनी. विभाला हवा होता तो परका माणूस आला, आणि त्याच्या आणि तिच्यामध्ये मी टिकली लावून ठेवली. पुढच्या चित्राचा सगळा प्रश्न त्याच्यावर आणि मी त्यालाच दारातून परत पाठवतोय. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता. घरी येऊन सांगणार होतो. पण विभा गाणं गुणगुणत भांडी लावत होती. नाही सांगवलं.

गुरुवार, १० ऑक्टोबर

सांगितलं. चहा पिताना, एका दमात. टिकली, पितृपक्ष, पाटी, हेलन, केटी, सगळं. मान खाली घालून बोललो. शेवटी म्हटलं, "कुणीच घेतलं नाहीये ते, विभा. मी फसवलं तुला."

ती बिस्किट बुडवत होती. ते मोडून कपात पडलं. चमच्याने काढत म्हणाली, "चारू, टिकल्या कोणाच्या?"

"तुझ्या."

"आरसा कोणाचा? मोठ्या लाल टिकल्या इथे मिळत नाहीत म्हणून सुरेखाच्या बहिणीकडून मागवते मी. त्यातली एक गेली तर मला कळणार नाही? उद्घाटनाला जवळून बघितली तर कडेला माझी पावडरसुद्धा होती."

मी कप खाली ठेवला. म्हटलं, "मग रोज का विचारत होतीस? तो माणूसच नव्हता, तर त्याला काय दिसलं म्हणून?"

"तुला विचारलं असतं, चारू, तुला काय दिसतं, तर काय म्हणाला असतास?"

मी विचार केला. "छान आहे, असं."

"हां. त्याच्याबद्दल विचारलं तर तू रोज जाऊन बघून आलास."

मग तिने चमचा बशीत ठेवला. म्हणाली, "पहिल्या दिवशी खूप राग आला होता. वाटलं, इथेही हाच. पण लोक ठिपका बघून गप्प बसले ना, तेव्हा मजापण वाटली. कुणीच घेतलेलं नाही हे मला पहिल्यापासून माहितेय. बरीये मी. माझ्यापुरता एक माणूस मिळाला बघणारा, थोडा उशिरा."

तिने ते माझ्याबद्दल म्हटलं. मी उठून तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला, कारण समोर बसून मला रडू आवरलं नसतं. मग वायरेमूबद्दल सांगितलं. ओल्या केसांचं, चार वेळा विचारल्याचं, आणि काहीच न विचारल्याचं. तिने मान वळवून वर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "खरंच? का हाही तूच बनवलायस?"

शनिवार, १२ ऑक्टोबर

आज प्रदर्शन संपलं. हेलन वेलिंग्टनहून आली होती. विभाने तिला टिकलीची हकिगत सांगितली तेव्हा ती बाकावर बसून पोट धरून हसली. टिकली तिने स्वतः ठेवायला मागून घेतली.

केटीने वायरेमूंना फोन केला होता. ते दुपारी व्हॅन घेऊन आले. विभा समोर आहे म्हटल्यावर जरासे लाजले. "मला अशातलं काही कळत नाही हां," म्हणाले, "पण परत परत यावंसं वाटलं." चित्र घ्यायचं पक्कं झालं. स्वीट ॲज, म्हणजे झकास, म्हणाले, आणि दोन्ही हात पँटला पुसून मगच चौकटीला लावले.

उचलण्याआधी ते त्या काळ्या फटकाऱ्यासमोर थांबले. बोट हवेत त्याच्यावरून फिरवत नेलं आणि जिथे तो संपतो तिथे थांबवलं. विचारलं, "इथे थांबायचं, हे कसं कळलं?"

मी शेजारीच उभा होतो. ते बघत होते आमच्या दोघांच्या मध्ये कुठेतरी. उत्तर मला माहीत होतं. मी रोज बाकावर बसून काढलेलं होतं आणि ते चांगलं उत्तर होतं. तोंड उघडलंही होतं. मिटलं.

विभाने वेळ घेतला. खूपच घेतला. हेलनने माझ्याकडे बघितलं, वायरेमूंनी पायांवरचा भार बदलला, आणि मला वाटायला लागलं की आता ही बोलणारच नाही. मी नखं तळहातात रुतवून उभा राहिलो.

मग ती बोलली, तिच्या इंग्लिशमध्ये, सावकाश. "नव्हतं कळलं. मी पुढे जाणार होते. तेवढ्यात माझा नवरा आत आला आणि विचारायला लागला, हिंगाची डबी कुठे आहे. मला भयंकर राग आला. ब्रश घेऊन तशीच स्वयंपाकघरात गेले. डबी त्याच्या नाकासमोर होती. त्याने फोडणी घातली, वास सुटला, मी तिथेच उभी राहून गरम वरण-भात खाल्ला. परत आले तर ते झालेलं होतं."

वायरेमूंना हिंग म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण त्यांनी विचारलं नाही. मान हलवली, आणि परत एकदा फटकाऱ्याच्या टोकाकडे बघितलं.

मला हिंगाची ती गोष्ट आठवतही नाही.

येताना विभा गाडी चालवत होती. ब्रिजवर म्हणाली, "उद्या कापड आणायचंय. या वेळी आठ फुटी." मी बरं म्हटलं. मला विचारायचं होतं, की माझ्यामुळे ते चित्र मोडलं का पुरं झालं. अगदी ओठांवर आलं होतं. पण तिचे ओठ हलत होते, काहीतरी मनाशी बोलत होती, आणि ते अजून संपलेलं नव्हतं. मी थांबलो.